अग्गीचा मान

उभी हयात मी एसटीत कंडक्टर होते. तिकीट न काढता बसलेला माणूस मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडला तरी मला ओळखू यायचा. समोरचा खोटं बोलायला लागला की आपल्याला कळतंच, असा मला मोठा गर्व होता. तो ईश्वरअप्पांनी उतरवला. ते सगळ्यांसमोर साफ खोटं बोलतायत असं मला वाटत होतं, आणि त्यांच्या मनात खोट्याचा लवलेशही नव्हता.

आधी आमच्या मंडळाचं सांगते. मानवतच्या मोंढ्यात अप्पांची अडत आहे. दुकानाच्या वर लांबलचक खोली आहे, तिथं पूर्वी सरकीची पोती असायची. अप्पांना शुगर निघाली, मग त्यांच्या ओळखीतल्या आणखी चौघांना निघाली, तेव्हा त्यांनी पोती हलवून खोली रिकामी केली आणि मधुमेही मित्र मंडळाला देऊन टाकली. पाटीवर हे नाव आहे. गाव मात्र आम्हाला साखरवाल्यांची शाळा म्हणतं. दर रविवारी परभणीहून सुकेशनी नावाची नर्स येते. सुई कशी टोचायची, ताटात काय आणि किती घ्यायचं, शुगर एकदम उतरून घाम फुटला तर काय करायचं, हे ती शिकवते. सगळं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. माझ्यात तेवढा दम असता तर मी प्रवाशांच्या एवढ्या शिव्या खाल्ल्या नसत्या.

मला शुगर निघाली तेव्हा मी लॅबवाल्याशीच भांडले होते. मशीन बिघडलंय म्हणाले. घरी येऊन दार लावून रडले. या खोलीत आल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं, कारण इथं प्रत्येकजण आधी लॅबवाल्याशी भांडून आलेला होता.

आणि आणायचे सगळ्यांना अप्पाच. कापूस घेऊन आलेला शेतकरी दुकानात सारखं पाणी मागतोय, सारखा बाहेर जाऊन येतोय, असं दिसलं की अप्पा वजनकाटा थांबवायचे. "वर जा. बोट टोचून घे. मग पैशाची पट्टी करू." उंचापुरा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. आवाज असा की खालून बोलले तरी वर ऐकू यावं. बिनसाखरेचा चहा पिताना तोंड मात्र असं करायचे की मी म्हणायचे, "अप्पा, काढा न्हाई तो, चहा हाय." ते म्हणायचे, "रेणुकाबाई, काढा बरा असतोय."

त्या रविवारी पायांचा वर्ग होता. सुकेशनी सांगत होती की शुगर जुनी झाली की पायांची जाणीव हळूहळू जाते, आणि ती गेली हे माणसाला कळत नाही, कारण न लागणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करणार? तिच्याकडे मासे धरायच्या गळाला असतो तसा नायलॉनचा दोरा होता. डोळे मिटायचे, तळपायाला दोरा टेकला की "हौ" म्हणायचं, एवढीच परीक्षा. माझा नंबर पहिला. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की खुर्चीवरून पडायचीच बाकी होते.

मग अप्पा बसले. सुकेशनीने त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला तसे ते संकोचले.

"पाय कामून धरताव सिस्टर? तुमी लेकीवानी."

"लेकीनंच बघायचे असतात अप्पा. मिटा डोळे."

अंगठ्याला दोरा टेकला. "हौ." चवड्याला टेकला. "हौ." टाचेला. "हौ." मी मनात म्हटलं, वा, म्हातारा पहिल्या नंबरात पास. एवढ्यात माझ्या लक्षात आलं की सुकेशनीचा हात थांबलाय. दोरा पायापासून वीतभर लांब, हवेत होता.

"हौ," अप्पा म्हणाले.

तिने दोरा खिशात ठेवून दिला आणि नुसतीच बसून राहिली. 

"हौ," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हौ."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून असं बघितलं की तो गप्प झाला. सुकेशनीने मग पाय उजेडाकडे वळवला आणि चिमट्याने टाचेजवळून काहीतरी ओढून काढलं. बाभळीचा काटा होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. भोवतालची कातडी पांढरी पडली होती.

"अप्पा, उघडा डोळे. हा कधी मोडला पायात?"

"कोन्ता काटा?" अप्पांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मला राहवेना. "अप्पा, ताईनं दोरा लावलाच नव्हता. मग हौ हौ कामून करायलाव? हजेरी लागली का तुमची?"

अप्पा जराही वरमले नाहीत. उलट हसले. "मला कुठं काय लागतंय, रेणुकाबाई? सिस्टर एवढ्या लांबून येत्यात, त्यांचं मन कशाला मोडावं, म्हनून म्हनलं हौ. अहो, मला अग्गी लागत न्हाई, दोऱ्याचं काय घिऊन बसलाव!"

अग्गी म्हणजे काय ते आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. अप्पांच्या गावी वीरभद्राचं देऊळ आहे. चैत्रात जत्रा भरते. देवळापुढे लांब चर खणून त्यात लाकडं जाळतात, आणि दिवेलागणीला त्या लालभडक इंगळावरून अनवाणी चालतात. पहिलं पाऊल अप्पांच्या घराचं. तो मान त्यांच्या आज्याच्याही आधीपासूनचा. सुरुवातीला अप्पांचे पाय भाजायचे, फोड यायचे. मग कधीतरी चटका बसायचाच बंद झाला. इतर लोक पळत सुटायचे, अप्पा मात्र ओसरीवरून फिरल्यासारखे सावकाश जायचे. देवाने त्यांचा चटका काढून घेतला, असं गाव म्हणायला लागलं. ते चरातून बाहेर आले की बायका तान्ही लेकरं त्यांच्या पायांवर घालायच्या. हे अप्पा सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

सुकेशनीचं तोंड मात्र उतरलं होतं. तिने सरळच सांगितलं. "अप्पा, हे शुगरमुळं झालंय. तुमचे पाय बधिर झालेत. इंगळानं पाय भाजतो, पण तुम्हाला कळत नाही. ह्यावर्षी चालू नका. अशी जखम आत आत जाते. आधी बोट काढावं लागतं, मग पाऊल."

अप्पांनी पाय खाली घेतला. चपला घातल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झालेला मी ऐकला.

"सिस्टर, बोट टोचा म्हनलाव, टोचलं. साखर सोडा म्हनलाव, सोडली. पोटात सुई घेतो दोन टाईम. समदं ऐकलं तुमचं. देवाला हात लावू नगा." जिन्यापाशी जाऊन ते थांबले. "वर्ग चालू ठिवा. किल्ली दिवाणजीकडं हाय. मी न्हाई येनार."

पुढच्या रविवारी ते खरंच आले नाहीत. त्यांनी धरून आणलेली माणसं सारखी जिन्याकडे बघत होती. सुकेशनी शिकवत होती, पण तिचंही लक्ष नव्हतं. मला राग येत होता, आणि नेमका कुणावर ते कळत नव्हतं. देवावर रागवायची माझी छाती नाही. शेवटी मी वर्ग संपल्यावर तिला म्हटलं, "चला, त्यांच्या गावाला जाऊ. हाकलून दिलं तर दिलं. मी आयुष्यभर लोकांना बसमधून उतरवलंय, एकदा आपण उतरू."

अप्पांच्या घरी आम्हाला कुणी हाकललं नाही. त्यांची बायको नागुबाई दारातच म्हणाली, "या. मी वाटच बगायलते." अप्पा आत पूजेला बसले होते. तिने पाणी दिलं, आणि एका दमात एवढं सांगून टाकलं की आम्ही दोघी ऐकतच राहिलो. गेल्या जत्रेनंतर अप्पांच्या डाव्या पायाला जखम झाली होती, ती दिवाळीपर्यंत भरली नाही. रोज रात्री ते झोपल्यावर ही हळद नि तेल लावून फडकं बांधायची. त्यांनी विचारलं, कुणी विचारलं, तरी चप्पल चावली म्हणायची.

"भाजलं म्हनलं असतं तर देवाची कृपा खोटी पडली असती की. आन त्यांना त्याचं लय कौतिक." तिने पदराने डोळे पुसले. "मी भीत भीत दिवस काढायले, ताई. एवढ्या मोठ्या घरात कुनाला सांगू?"

अप्पा बाहेर आले. आम्हाला बघून दचकले, पण हात जोडून "शरणार्थ" म्हणाले आणि पाटावर बसले. सुकेशनी देवाविषयी एक अक्षर बोलली नाही. तिने फक्त विचारलं, "अप्पा, चटका बसायचा कधीपासून बंद झाला?"

"लय सालं झाली."

"आणि शुगर कधी निघाली?"

अप्पा सांगायला लागले आणि मधेच अडकले. नागुबाईने वाक्य पुरं केलं. "मोंढ्यात चक्कर यिऊन पडलाव, त्या साली. त्याच्याआदी वरीस दोन वरीस नुसतं पानी पानी करायचाव. आन त्याच साली जत्रंतून आलाव आन म्हनलाव, नागू, आज काईच लागलं न्हाई."

अप्पा जमिनीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांचा हिशोबी माणूस. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी त्यांना सांगावी लागत नाही. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले असते तर परवडलं असतं.

"म्हंजी देव आलाच न्हाई कवा?" त्यांनी विचारलं. "एवढी सालं मी म्हनायलो, त्यानं मला जवळ केलं. लोकं लेकरं घालायलेत पायावर. आन ते ह्येच व्हतं का, शुगर?"

 मला रडूच आलं. मी तोंड फिरवून तुळशीकडे बघत बसले.

नागुबाईच बोलली. "लगीन होऊन मी आले त्या साली तुमचे पाय असे भाजले व्हते की रातभर परातीत पानी घिऊन मी बसलेते. तुमी लेकरावानी रडलाव. म्हनलाव, पुढल्या साली जानार न्हाई. आन पुढल्या साली पुन्हा गेलाव. चटका म्हाईत असून गेलाव. देव तवा व्हता जवळ. आता तुमी चालताव त्यात काय हाय? कुनीबी फरशीवरून चालंल."

नवऱ्याला एवढं तोंडावर बोललेली बाई मी आमच्या भागात फार बघितलेली नाही. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, पण रागाने नाही.

"पन मान?" ते म्हणाले. "आपल्या घरातून पयलं पाऊल पडलं न्हाई तर मान दुसऱ्या घरी जातोय. आज्यापनज्याचा मान माझ्या हातून घालवू?"

त्यांचा लेक श्रीशैल पुण्याला असतो. तो जत्रेला यायचा तो दुसऱ्या दिवशी, जेवायला. इंगळाचं नाव काढलं की त्याचं पोट बिघडायचं. त्याचा विषय कुणी काढला नाही. अप्पा शेवटी नुसतंच "बगू" म्हणाले. परतीच्या बसमध्ये सुकेशनी म्हणाली, बघू म्हणजे जाणार. 

जत्रेच्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. सुकेशनीने दोन बादल्या स्वच्छ पाणी, पट्ट्या आणि भाजल्यावर लावायचं मलम आणलं होतं. ती चराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. चालणारे कितीजण भाजणार ते काही तिच्या हातात नव्हतं, पण भाजल्यावर काय करायचं ते होतं. दिवस कलला. लाकडं जळून खाली बसली आणि चर लाल झाला. धग इतकी की चार हातांवरही तोंड भाजत होतं. हलगी वाजायला लागली.

अप्पा आले. अंघोळ केलेले, ओलेत्याने, भस्म लावून, अनवाणी.  लोकांनी वाट करून दिली. जंगमस्वामींनी चराची पूजा केली आणि अप्पांकडे बघून मान हलवली. अप्पा कडेपर्यंत गेले. त्यांची बोटं अगदी निखाऱ्याजवळ होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. सुकेशनी पलीकडून उभी राहिली.

अप्पा वळले. हलगीवाल्याला हाताने थांबवलं.

"ऐका," ते म्हणाले. मोंढ्यातला आवाज होता तो, शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तुमी म्हनताव, अप्पाला अग्गी लागत न्हाई. खरं हाय. लागत न्हाई. पन ती कृपा न्हाई. मला शुगर हाय. पाय मेलेत माझे. पायात काटा मोडला तरी मला कळंना. गेल्या साली भाजलेली जखम हिनं मला न सांगता दिवाळीपर्यंत बांधली, आता सांगितलं. मला म्हाईत नव्हतं, म्हनून मी तुमाला फशिवलं. माफ करा. आन कुनाला असं लागंना झालं असंल त्यानं लपवू नगा. त्या सिस्टर बसल्यात बगा तिकडं."

 माझ्या शेजारी फेटेवाला एकजण उभा होता. त्याने खांबाला धरून आपला तळपाय वर केला आणि वाकून बघायला लागला. त्याच्या पलीकडच्यानेही बघितला.

"मग पयलं पाऊल?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "मान कुनाला?"

 अप्पा तसेच उभे राहिले, आणि इतक्या मोठ्या देहाचा माणूस मला एकदम लहान दिसला. तेवढ्यात बायकांतून नागुबाई पुढे आली. तिने पदर खोचला, चपला काढून बाजूला सारल्या.

"बाईमानूस?" तोच आवाज म्हणाला. "पयलं पाऊल बाईमानसाचं?"

"मान घराचा हाय ना?" नागुबाई त्याच्याकडे वळली. "मंग मी काय त्या घरात भाड्यानं राहायले का?"

मी इतक्या जोरात हसले की चार माणसांनी वळून बघितलं. जंगमस्वामी मात्र हसले नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "घराचाच हाय. जा माय." अप्पांनी तिचा हात धरला. "नागू, नगं. भाजंल." ती म्हणाली, "म्हाईत हाय," आणि हात सोडवून घेतला.

ती गेली. पहिली दोन पावलं नीट पडली. मग तिने दात आवळलेले मला दिसले. मध्यावर ती थबकते की काय असं वाटलं आणि मी काय काय नवस बोलले ते आता आठवत नाही. मग ती पळाली. पलीकडे पोचली ती सरळ सुकेशनीच्या अंगावर पडली. "वीरभद्र महाराज की जय" अशी आरोळी उठली आणि हलगी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या घरांचे लोक एकेक करून चालायला लागले.

मी गर्दीतून वाट काढत तिकडे धावले. अप्पा माझ्या आधी पोचले होते. ते धुळीत मांडी घालून बसले होते आणि अख्ख्या गावादेखत त्यांनी बायकोचे पाय मांडीवर घेतले होते. ती पाय ओढत होती, "आवं, लोकं बगायलेत," म्हणत होती, आणि ते सोडत नव्हते. सुकेशनी तांब्याने सावकाश पाणी ओतत होती. टाचा लाल झाल्या होत्या, एका चवड्यावर फोड धरत होता.

"लागलं का?" अप्पांनी विचारलं.

"लागलं की. आई गं. लय लागलं."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कसं लागलं? सांग मला."

नागुबाईने त्यांच्याकडे बघितलं. इतका वेळ ती वेदनेने वाकडी झाली होती, तरी तिचा चेहरा मऊ झाला. ती हळूहळू सांगायला लागली. पहिल्या पावलाला नुसतं गरम लागलं. दुसऱ्याला सुया टोचल्या. मधी आल्यावर टाचेतून जी कळ निघाली ती पार मस्तकात गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तोंडातून देवाचं नाव आपोआप निघालं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. तिच्या तळपायावर त्यांचा हात होता.

ती थांबली.

"आजून सांग," अप्पा म्हणाले.